संमतीची मर्यादा : स्पिरोस सिमिटिस यांचा खासगीपणाविषयक विचार

विदा-संरक्षण कायद्याच्या अभ्यासकांखेरीज स्पिरोस सिमिटिस (१९३४-२०२३) यांचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही. अथेन्समध्ये जन्मलेले आणि फ्रँकफर्ट विद्यापीठात दिवाणी व कामगार कायद्याचे अध्यापन करणारे हे प्राध्यापक १९७५ ते १९९१ या काळात जर्मनीतील हेसे राज्याचे विदा-संरक्षण आयुक्त होते. या राज्याने १९७० मध्ये केलेला कायदा या विषयावरील जगातील पहिला कायदा मानला जातो; मात्र त्याचा रोख शासकीय यंत्रणेवरच होता. सिद्धान्त मांडणे आणि त्याच्या अंमलबजावणीवर लक्ष ठेवणे ही दोन्ही कामे एकाच व्यक्तीकडे असण्याचा हा दुर्मीळ योग होय.

त्यांच्या विचाराची दिशा कामगार कायद्याच्या अभ्यासातून स्पष्ट होते. नोकरीच्या अर्जावर सही करणारा उमेदवार मालकाने विचारलेली माहिती ‘स्वेच्छेने’ देतो, असे म्हणणे कागदोपत्री खरे असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही. नाही म्हणण्याची किंमत ज्याला परवडत नाही, त्याच्या होकाराला कायद्याने किती वजन द्यावे? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या विधिविषयक नियतकालिकात १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दीर्घ निबंधात हाच प्रश्न समाजव्यापी रूप घेतो. आरोग्यविम्याच्या दाव्यांवरील संगणकीय प्रक्रिया आणि घरोघरी पोहोचू लागलेली व्हिडिओटेक्स सेवा यांच्या आधारे ते दाखवितात की, पाळत आता संशयितापुरती उरलेली नाही. ती दैनंदिन व्यवहाराचाच भाग झाली आहे. साठविलेली माहिती माणसाचे वर्तन केवळ टिपत नाही, तर त्याला ठरावीक साच्यात बसविण्यासाठीही वापरली जाते. म्हणूनच खासगीपणा ही एकट्या व्यक्तीची मालमत्ता नसून लोकशाहीतील सहभागाची पूर्वअट ठरते. इंटरनेट सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वी हे लिहिले गेले, हे ध्यानात घेतले म्हणजे निबंधाचे मोल कळते.

१५ डिसेंबर १९८३ रोजी जर्मनीच्या संघीय घटना न्यायालयाने जनगणनेच्या खटल्यात ‘माहितीविषयक स्वयंनिर्णया’चा हक्क मान्य केला. या संज्ञेचे श्रेय सिमिटिस यांना देणे योग्य नव्हे. विल्हेल्म श्टाइनम्युलर व सहकाऱ्यांच्या १९७१ च्या अहवालात ती कल्पना आढळते. आपल्या वर्तनाची नोंद होत आहे काय, याची खात्री नसलेला नागरिक सभेला जाण्यासही कचरेल, आणि त्यात समाजाचेही नुकसान आहे, हा न्यायालयाचा युक्तिवाद मात्र सिमिटिस यांच्या भूमिकेशी जवळचे नाते सांगतो.

त्यांच्या मांडणीतील कच्चा दुवा इथेच आहे. व्यक्तीची संमती आभासी ठरविल्यावर निर्णयाचा भार कायदेमंडळावर येतो. परंतु माहितीचा सर्वांत मोठा संग्राहक शासनच असते. सिमिटिस यांना हे ठाऊक नव्हते असे नाही. माहिती मागण्याचा हेतू आधीच निश्चित असावा, तंत्रज्ञान बदलेल तसे नियम वारंवार तपासावेत आणि देखरेखीसाठी स्वतंत्र अधिकारी असावा, या त्यांच्या अटी त्याच जाणिवेतून येतात. परंतु शासनाने स्वतःलाच बांधून घेण्याची इच्छा कोठून आणावी, याचे उत्तर त्यात नाही. हेसेमधील अनुभव त्यांनी काहीसा अधिक भरवशाचा मानला, असे म्हणावे लागते.

भारतीय वाचकाला हा प्रश्न परका नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणाला मूलभूत हक्क म्हणून मान्यता दिली. त्यानंतर आलेला २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम मुख्यतः संमतीच्या पायावर उभा आहे. त्याच अधिनियमाने शासकीय यंत्रणांना अधिसूचनेद्वारे सूट देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे ठेवला असून, विदा संरक्षण मंडळाच्या सदस्यांची नेमणूकही केंद्र सरकारच करते.