वारीतल्या आजींना गाव असतं

ज्येष्ठ संपता संपता दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामाला येतात. ज्ञानोबांची भवानी पेठेत, पालखी विठोबा मंदिरात. तुकोबांची नाना पेठेत, निवडुंग्या विठोबा मंदिरात. मागोमाग आम्ही कॅमेरेवाले. अनोळखी माणसांची पोर्ट्रेट्स काढायला शिकायचं तर याहून सोपी शाळा नाही. माणसं दमून बसलेली असतात, आणि 'माऊली' म्हटलं की सहसा कुणी नाही म्हणत नाही.

मीही तिथेच शिकले. पण आता पीएचडीच्या निमित्ताने हे फोटो पुरावा म्हणून पाहायला लागले आणि अडकले. बहुतेक फोटोंत जणू एकच आजी आहे! कपाळी बुक्का, गळ्यात तुळशीमाळ, सुरकुत्यांचं जाळं, मागचं सगळं धूसर. खाली एकच शब्द : 'भक्ती'. फोटो देखणा असतो, यात वाद नाही. पण ती कुठून आली, कुणाबरोबर चालतेय, पेरणी कुणावर टाकून आलीये, यातलं काहीच त्यात नसतं.

ही सवय जुनी आहे. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये मुंबईतल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यातल्या अनेक चित्रांत माणसं एकीकडे टिपलेली, मागचा देखावा दुसऱ्याच फोटोतून जोडलेला. पुढे १८६८ ते १८७५ दरम्यान 'द पीपल ऑफ इंडिया'चे आठ खंड निघाले. तिथे माणूस म्हणजे त्याच्या जमातीचा नमुना, आणि सोबतच्या मजकुरात अख्ख्या जमातीच्या स्वभावावर शेरे. आपला हेतू तसा नसतो, मान्य. पण जॉन्सनने पार्श्वभूमी बदलली, आपण लेन्सचं छिद्र मोठं करून ती पुसतो. दोन्हीकडे माणूस त्याच्या जागेपासून तुटतो.

याच्या उलट, संदेश भंडारे यांचं 'तमाशा : एक रांगडी गंमत' चाळून बघा. तिथे कलावंत फक्त बोर्डावर दिसत नाहीत. रंगपटात, मुक्कामावर, रोजच्या कामातही दिसतात. चेहऱ्याभोवतीचं जग फ्रेममध्ये राहतं, म्हणून ते फोटो अभ्यासालाही उपयोगी पडतात.

गेल्या वर्षी भवानी पेठेत एका आजींचा फोटो काढला. त्यांनी विचारलं, "काय करणार गं पोरी याचं?" मी म्हटलं, "अभ्यासाला." "मग माझं काही विचारलंच नाहीस की!" खरं सांगते, त्या दिवसाचे माझे शंभरेक फोटो होते आणि टिपणवहीचं पान कोरं.

म्हणून फील्डवर्कला निघण्याआधी एवढं ठरवा. आधी बोला, मग कॅमेरा काढा. जवळून एक फोटो घेतलात तर दोन पावलं मागे सरकून, आजूबाजूची माणसं आणि सामान दिसेल असा दुसराही घ्या. त्याच संध्याकाळी लिहा : तारीख, जागा, काय बोलणं झालं, परवानगी नेमकी कशाची मिळाली. अभ्यासाला 'हो' म्हणजे इन्स्टाग्रामला 'हो' नव्हे.

आणि नाव? नाव छापलं म्हणजे आदर दाखवला, असं समीकरण नाही. कधी कधी ते लपवणंच आपलं काम असतं. पण तुम्ही लपवलंय की तुम्हाला माहीतच नाही, हा फरक तुमच्या वहीत दिसायला हवा. माझ्या वहीत तो दिसत नाही, म्हणून आजींचा तो फोटो प्रबंधात घेतलेला नाही.