'जोडा आणि चालवा' : जाहिरात आणि वस्तुस्थिती

१९९५ साली विंडोज ९५ बाजारात आली, तेव्हा तिच्या 'प्लग अँड प्ले' या गुणाचा फार गाजावाजा झाला. कार्ड खाचेत बसवा, बाकीचे संगणक पाहून घेईल! प्रत्यक्षात पुष्कळांना निराळाच अनुभव आला. मोडेमने नंबर फिरवायला घेतला, की माऊस जागच्या जागी थिजायचा. 'प्लग अँड प्रे', म्हणजे जोडा आणि देवाचा धावा करा, अशी थट्टा तेव्हाच सुरू झाली.

हे का होई? माऊस असो वा मोडेम, प्रोसेसरचे लक्ष वेधायला त्याला इंटरप्टची तार लागते. पीसीत अशा तारा होत्या १६, आणि त्यांतली एक दोन नियंत्रक चिपा एकमेकींना जोडण्यातच खर्ची पडे. पहिले व तिसरे सिरियल पोर्ट, दोन्ही चौथ्या क्रमांकाच्या तारेवर. एकावर माऊस, दुसऱ्यावर मोडेम, की भांडण ठरलेलेच.

समजा, दोन खोल्यांतली बटणे एकाच घंटेला जोडली आहेत आणि घंटा वाजू लागेल त्याच क्षणी शिपाई उठतो. एकाने बटण दाबून धरले असेल, तर दुसऱ्याची हाक त्याला कळणारच नाही. जुन्या आयएसए खाचांची रीत हीच होती. शिवाय जुन्या कार्डाचा क्रमांक जंपरच्या इवल्याशा टोपीने ठरे. ती उचलून हलवणे कोणत्याही आज्ञावलीला शक्य नव्हते. विंडोज ९५ ने तंटा कोणाकोणात आहे हे पिवळ्या उद्गारचिन्हाने एका जागी दाखवले, ही तिची खरी कामगिरी. जाहिरात मात्र तंटा मिटवण्याची होती!

उपाय मुख्यतः खाचेतच सापडला. पीसीआय पद्धतीत घंटा वाजते आहे तोवर शिपाई दारोदार विचारत फिरतो, म्हणून एक तार अनेकांना पुरते. पण यात प्रत्येक ड्रायव्हरने आपल्या उपकरणाला प्रामाणिकपणे विचारले पाहिजे, 'तूच का?' न विचारताच 'माझेच' म्हणणारा ड्रायव्हर शेजाऱ्याला उपाशी ठेवतो. या जबाबदारीविषयी सामान्य ग्राहकाला कोणी काही सांगितले नाही.

आजची बहुतेक उपकरणे तार न वापरता स्मृतीच्या ठराविक पत्त्यावर संदेश लिहितात. विद्यार्थ्यांना दाखवायचे असेल, तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'व्ह्यू'खाली 'रिसोर्सेस बाय टाइप' निवडा. इंटरप्टच्या यादीत ज्यांचे क्रमांक ऋण दिसतील, ती ही बिनतारेची उपकरणे.