भिंतीवरचे पंचांग आणि वेदीवरचा काळ

आपल्या ख्रिस्ती घरांत कोणते प्रकाशन सर्वांत अधिक वाचले जाते, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर एकच आहे : ‘कालनिर्णय’. अमरावती-अकोल्याकडील घरांना आशीर्वाद देण्यास गेलो म्हणजे येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीशेजारी ते खिळ्याला टांगलेले दिसते. दुधाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, लेकरांच्या परीक्षा, सारे त्याच चौकटींत. जे रोज वाचले जाते त्याचे परीक्षण मात्र आपण कधी करत नाही.

जयंतराव साळगावकरांनी १९७३ साली हे दिनदर्शिका-पंचांग सुरू केले. पोथीतले पंचांग त्यांनी साध्या मराठीत स्वयंपाकघराच्या भिंतीवर आणले. एकादशीशेजारी ईद, पतेती, गुड फ्रायडे आणि नाताळ यांना जागा दिली. मागील पानांवर आरोग्य, पाककृती आणि ललित लेखन दिले. शेजाऱ्याचा सण आपल्या भिंतीवर वाचावयास मिळणे, हा संस्कार लहान नव्हे. हे ऋण आधी मान्य केले पाहिजे.

दोष आहे तो निराळा. या पानांवर दोन आवाज बोलतात. एक गणिताचा : तिथी, सूर्योदय, ग्रहण. दुसरा फलाचा : राशिभविष्य, शुभ-अशुभ दिवस, मुहूर्त. पहिला आवाज पडताळता येतो, दुसरा येत नाही. पण दोघांचा ठसा एकच आणि खात्रीही एकच. ग्रहण मिनिटाबरहुकूम लागते, म्हणून भविष्यही खरे असणार, असे भाबडे मन धरून चालते. संत आगस्तीन यांचाही एके काळी ज्योतिषावर विश्वास होता. पुढे त्यांना कळले की, एका श्रीमंताचा मुलगा आणि एका दासीचा मुलगा अगदी एकाच क्षणी जन्मले; एक मानाने वाढला, दुसरा दासच राहिला. तारे तेच, मग भाग्य दोन कसे? कॅथलिक ख्रिस्तसभेच्या १९९२ सालच्या धर्मशिक्षण ग्रंथानेही कुंडली व ज्योतिष निःसंदिग्धपणे नाकारले आहे. तरीही मुहूर्त नाही म्हणून लग्नाची तारीख बदलून मागण्यास आलेले कुटुंब मी माझ्याच कार्यालयात पाहिले आहे.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. जेराल्ड गार्डनर यांचे पुस्तक १९५४ साली इंग्लंडमध्ये निघाले आणि ‘विक्का’ हा नवा निसर्गपूजक पंथ लोकांना ठाऊक झाला. आज त्या पंथीयांसाठी अमेरिकेतील लुएलिन ही प्रकाशनसंस्था दरवर्षी पंचांगे काढते. त्यांत चंद्राच्या कला, आठ ऋतुसण आणि त्या त्या दिवशीचे विधी असतात. गंमत अशी की, हे सण युरोपच्या ऋतूंवर बेतलेले. म्हणून ऑस्ट्रेलियातील अनुयायांना ते सहा महिने पुढे-मागे करून पाळावे लागतात. पंचांग हे मातीला बांधलेले असते, ही गोष्ट त्यांना अशी उमगली. शहरात राहूनही माणसाला ऋतूशी नाते हवे असते, हेच या खपामागचे सत्य आहे.

आपल्याच धर्मप्रांतात, बुलढाणा जिल्ह्यातील भेंडवळला, अक्षय तृतीयेला शेतात घट मांडतात. सभोवती अठरा धान्ये ठेवतात आणि दुसऱ्या पहाटे त्यांवरून पाऊस-पिकाचे भाकीत वाचतात. रात्रीतून सरकलेला दाणा पावसाला बांधील नाही, हे उघड आहे. पण पहाटे तेथे जमणाऱ्या शेतकऱ्याला हसणे सोपे आहे. त्याने बियाण्यासाठी कर्ज काढलेले असते. त्याच्या प्रश्नाला आपल्याकडे कोणते उत्तर आहे?

येथे परीक्षण आपल्याकडे वळते. जगाने स्वीकारलेली दिनदर्शिका १५८२ साली तेरावे पोप ग्रेगरी यांनीच दिली. ४ ऑक्टोबरनंतर एकदम १५ ऑक्टोबर उजाडला. त्या गणितामागे येशूसंघीय क्लाव्हियस होते. इतका वारसा असूनही आपले उपासना-पत्रक पाहा : आगमनकाळ, प्रायश्चित्तकाळ, संतांचे सण आहेत, पण मृगाची पेरणी कोठे आहे? पोळ्याला शेजारचा बैल सजतो, तेव्हा आपल्या घरच्या बैलासाठी कोणती प्रार्थना आहे? युरोपात पिकांसाठी प्रार्थनेचे दिवस होते. १९६९ च्या नियमांनी ते दिवस ठरविण्याचे काम त्या त्या देशातील महागुरूंच्या परिषदेकडे सोपविले. वाट मोकळी आहे, चालणारे आपण कमी पडलो. रिकामी जागा कोणी तरी भरणारच. ती मुहूर्ताने भरली, याचा दोष केवळ मुहूर्ताला देता येणार नाही.

म्हणून ‘कालनिर्णय’ भिंतीवरून काढा, असे मी म्हणणार नाही. त्यातील गणित घ्या, फल सोडा. उत्पत्तीच्या पहिल्याच अध्यायात देवाने ज्योती निर्मिल्या त्या दिवस, वर्षे आणि ऋतू ओळखण्यासाठी. आपल्यावर सत्ता गाजवावी म्हणून नव्हे. आणि येत्या जूनमध्ये, पहिल्या पावसाच्या आधीच्या रविवारी, प्रत्येक शेतकरी कुटुंबाने मूठभर बियाणे वेदीपाशी आणावे. पीक किती येईल हे तेथे कोणी सांगणार नाही. पण पेरणारा एकटा नाही, एवढे त्याला तेथे नक्की कळेल.