पडद्यावरचे वीर कागदावर का रोडावतात?

टीव्हीवरच्या कार्टून मालिकेतून निघालेलं कॉमिक म्हटलं की जाणते वाचक नाक मुरडतात. मालिका चालली, मग तिच्यातली चित्रं उचलून, वर फुग्यांत संवाद भरून पुस्तक काढलं, एवढीच त्याची पत, अशी समजूत आहे. बहुतेक वेळा ती खरीही ठरते. पण या प्रकाराने एकदा फार मोठी उंची गाठलेली आहे. ती पाहिलेली असल्यामुळेच आपल्या मुलांच्या हाती जे पडतं त्याचा राग येतो.

१९९२ साली अमेरिकेत बॅटमॅनची नवी ॲनिमेशन मालिका सुरू झाली आणि त्याच वर्षी डीसीने ‘द बॅटमॅन ॲडव्हेंचर्स’ हे मासिक कॉमिक काढलं. सुरुवातीपासून लेखन मुख्यतः केली पकेटचं, आणि थोड्याच अंकांनंतर चित्रं माइक पारोबेकची. ॲनिमेशनमध्ये एकच माणूस हजारो वेळा काढावा लागतो, म्हणून ब्रूस टिमने मालिकेसाठी पात्रं मोजक्या रेषांत बसवली होती. ती काटकसर पारोबेकने कागदावर ताकद म्हणून वापरली. त्या काळची इतर सुपरहिरो कॉमिक्स स्नायू आणि बारीक रेघोट्यांनी खचाखच भरलेली असत. याचं पान मोकळं, उड्या-कोलांट्या एका नजरेत कळणाऱ्या. गोष्ट सहसा एका अंकात संपे. बॅटमॅनचा आधीचा पन्नास वर्षांचा इतिहास ठाऊक नसलेलं पोरही पहिल्या पानावरून आत शिरू शके. पारोबेक १९९६ साली तरुण वयातच गेला. त्याचं नाव आजही पुरेसं घेतलं जात नाही.

याच मालिकेच्या कुळातलं ‘मॅड लव्ह’ १९९४ साली आलं. लेखक पॉल डिनी, चित्रं ब्रूस टिमची. हार्ली क्विन हे पात्र मुळात कॉमिकमधलं नव्हेच. ती जन्मली टीव्हीवर, जोकरची साथीदारीण म्हणून. ती आधी मानसोपचारतज्ज्ञ होती आणि आपल्याच रुग्णाच्या प्रेमात कशी बुडाली, हे या पुस्तकाने सांगितलं. त्यातला एक प्रसंग विसरता येत नाही. पिरान्हा माशांचं तोंड कायम पडलेलं, त्यामुळे ते हसताना दिसत नाहीत म्हणून जोकरने बॅटमॅनला माशांच्या तोंडी देण्याचा आपला बेत टाकून दिलेला असतो. हार्ली बॅटमॅनलाच टाकीवर उलटं टांगते. उलट्या माणसाला मासे हसतानाच दिसणार! जोकर येतो तो खवळूनच: विनोद समजावून सांगावा लागला म्हणजे तो मेला, आणि बॅटमॅनला मारण्याचा मान दुसऱ्या कुणी घ्यायचा नाही. तो तिला खिडकीबाहेर ढकलतो. हसवत हसवत हे पुस्तक मार खाऊनही परत जाणाऱ्या बाईच्या मनापर्यंत पोचतं. त्याला आयस्नर पुरस्कार मिळाला, १९९९ मध्ये मालिकेने त्यावर भाग केला आणि त्याच वर्षी हार्ली डीसीच्या मुख्य कॉमिक्समध्ये दाखल झाली. पडद्याने कागदाला पात्र दिलं, कागदाने त्याला भूतकाळ दिला आणि पडद्याने तो परत घेतला.

मार्व्हलने त्याच सुमारास ‘एक्स-मेन ॲडव्हेंचर्स’ काढलं. त्यात मालिकेचेच भाग पुन्हा सांगितलेले. ते आज संग्राहकांपुरतं उरलं आहे.

आता इकडे या. आमच्या रोह्याच्या बाजारपेठेत शाळा उघडायच्या दिवसांत स्टेशनरीच्या दुकानात शिरलं की छोटा भीम जागोजागी भेटतो: दप्तरावर, पाण्याच्या बाटलीवर, कंपासपेटीवर, वहीच्या लेबलवर, रंगवायच्या पुस्तकात. वाचायच्या गोष्टीत मात्र तो भेटत नाही, मराठी गोष्टीत तर नाहीच. २००८ मध्ये पोगोवर आलेल्या या मालिकेची हैदराबादच्या ग्रीन गोल्डने कॉमिक्सही काढली. मला पाहायला मिळालेल्या अंकांत बरीचशी पानं चालता पडदा थांबवल्यासारखी वाटली. लाडू खाल्ला, ताकद आली, शत्रू हरला. पडद्यावर याला वेग आणि संगीत सावरून घेतं. कागदावर ते दोन्ही नसतात, तिथे पानाची रचनाच वेग देते, आणि तिच्यावरच मेहनत नाही. ‘मोटू पतलू’चा प्रवास उलटा, ‘लोटपोट’ मासिकातून २०१२ साली टीव्हीवर. पण पडद्यावर मोठं झालेलं ते रूप मराठीत कागदावर परत आलेलं मला कुठे दिसलं नाही.

पडद्यावरचं रूप दुसऱ्या माध्यमात नेताना काय करावं लागतं, हे पाहायला फार लांब जायला नको. पेण, हमरापूर, जोहे इथल्या गणपतीच्या कारखान्यांत ते चालतं. २०१४ मध्ये ‘जय मल्हार’ मालिका सुरू झाली आणि पाठोपाठ मल्हाररूपातल्या गणेशमूर्तींना मागणी आली. मूर्तिकाराने काय करायचं? मालिकेतला खंडोबा दोन हातांचा, पिळदार देहाचा, तलवारधारी. गणपतीला सोंड, पोट, चार हात. त्याने मालिकेतून पोशाख, फेटा आणि उभं राहण्याचा रुबाब घेतला. चेहरा आणि देह गणपतीचाच ठेवला. शेवटी डोळ्यांची आखणी जाणत्या हाताकडेच जाते, कारण तिथे चूक झाली तर मूर्ती मल्हारही नाही आणि गणपतीही नाही. काय उचलायचं आणि काय सोडायचं, याचा असा निर्णय मुलांच्या कॉमिकमध्ये कुणी घेतलेला दिसला तर मी ते पुस्तक डोक्यावर घेईन.

आपल्याकडे चित्र काढणारे हात नाहीत म्हणावं, तर तेही खरं नाही. सुपंडी रेखाटणारे राम वाईरकर, टोपीखाली डोळे झाकलेला शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे, १९८६ साली राज कॉमिक्सच्या नागराजला रूप देणारे प्रताप मुळीक, त्याच कॉमिक्ससाठी काम केलेले दिलीप कदम: ही सगळी मराठी माणसं. देशभरच्या मुलांचे वीर यांच्या कुंचल्यातून उतरले, तेही इंग्रजी-हिंदी अंकांसाठी. मराठी मुलाला वेताळ, म्हणजे फँटम, भेटला तो इंद्रजाल कॉमिक्सच्या भाषांतरातून, आणि १९९० मध्ये तेही बंद पडलं. पुढची पिढी टीव्हीसमोर बसली आणि आपल्या वीरांशी हिंदीत बोलू लागली. खेळतानाही आमची पोरं हिंदीतच ललकारतात.

मराठी भाषांतर एवढाच उपाय म्हणाल तर मला तो पुरेसा वाटत नाही. इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात मराठी वाक्य कोंबलं की अक्षर बारीक होतं, काना-मात्रा-वेलांट्या एकमेकांवर चढतात, आणि नुकतं वाचायला लागलेलं मूल तिथेच पुस्तक मिटतं. चित्रकाराने पान आखतानाच मराठी ओळीची उंची धरायला हवी. मालिकेचे हक्क असलेल्या कंपनीने मराठी लेखक-चित्रकारांना नवी गोष्ट रचायची मोकळीक द्यावी. छोट्या भीमचं गाव ढोलकपूर नकाशावर कुठेच नाही, तेव्हा भीम कुठेही जाऊ शकतो. तो पावसाळ्यात आमच्या कुंडलिका नदीच्या काठी येऊ दे. धाटावच्या कारखान्यांमागे नदीत काय सोडलं जातंय हे शोधताना त्याला लाडू उपयोगी पडणार नाही, डोकं चालवावं लागेल. रोह्याचं ग्रामदैवत असलेल्या धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सलामी देत असताना गर्दीत हरवलेलं पोर तो शोधू दे. बत्तीस पानं, एका अंकात संपणारी गोष्ट, ठसठशीत अक्षर, आणि किंमत अशी की रोह्याच्या एसटी स्टँडवर बस लागेपर्यंत पोराने हट्ट धरला तर आईने नाही म्हणू नये.