गोदीतला गडी आणि नवं गाणं

आयरिश गायिका लिसा ओ'नीलचं 'रॉक द मशीन' पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ते शंभर वर्षांपूर्वीचं लोकगीत असावं, असंच मी धरून चाललो होतो. डब्लिनच्या गोदीत अंगमेहनतीवर घर चालवणारा गडी, त्याच्या जागी आलेलं यंत्र, रिकामे झालेले हात. चाल इतकी वापरून गुळगुळीत झालेली वाटते, की तिला कुणी कर्ता असेल हे मनातही येत नाही. गाणं मात्र ओ'नीलचं स्वतःचं, 2018 च्या 'हर्ड अ लाँग गॉन साँग' या अल्बममधलं. पारंपरिक गाण्यांच्या पंगतीला ते बसलंय आणि कुठेही उपरं वाटत नाही.

आयरिश लोकसंगीताला सध्या बरकतीचे दिवस आहेत. 2023 मध्ये लँकम या बँडच्या 'फॉल्स लँकम' अल्बमला मर्क्युरी पुरस्काराचं नामांकन मिळालं. त्याआधी, 2021 मध्ये, डब्लिनच्या स्मिथफील्डमधल्या कॉबलस्टोन या लोकसंगीताच्या पबच्या वर आणि भोवती हॉटेल बांधायचा घाट घातला गेला तेव्हा गाणारे-वाजवणारे रस्त्यावर उतरले आणि महापालिकेने परवानगी नाकारली. या बहराचं कौतुक मात्र बहुतेक नादापाशीच थांबतं: षड्ज धरून ठेवावा तसा तासन्‌तास घुमणारा जाड, काळोखा स्वर. लँकमच्या हातात तो अंगावर काटा आणतो. मागून येणाऱ्या कित्येकांच्या हातात त्याचा नुसता धूर होतो.

ओ'नील मला वेगळी वाटते ती रचनेमुळे. ती कॅव्हन परगण्यातली. तिचा नाकातला, कडांना खरखरीत आवाज ऐकताना मार्गरेट बॅरी आठवते; बाजारात, जत्रेत बँजो घेऊन गाणारी, गलबल्याच्या वर आवाज चढवणारी. त्या घराण्याकडून ओ'नीलने आवाजाइतकीच नजरही घेतली आहे. मोठी घटना एका माणसाच्या अंगाने सांगायची. त्याच अल्बममध्ये व्हायोलेट गिब्सन आहे. डब्लिनच्या या बाईने 7 एप्रिल 1926 रोजी रोममध्ये मुसोलिनीवर गोळी झाडली. गोळी त्याच्या नाकाला चाटून गेली. तिला इंग्लंडला पाठवून नॉर्दॅम्प्टनच्या मनोरुग्णालयात ठेवलं आणि 1956 मध्ये ती तिथेच वारली. इतिहासाने तळटीपेत टाकलेली ही बाई गाण्यात पूर्ण उभी राहते.

2023 चा 'ऑल ऑफ धिस इज चान्स' याहून विस्तीर्ण आहे. शीर्षकगीत कवी पॅट्रिक कॅव्हनाच्या दीर्घकवितेवरून सुचलेलं, माती-पाखरं-आभाळ एका श्वासात घेणारा अल्बम. 'ओल्ड नोट' मी आजही दिवे मालवून ऐकतो. पण तंतुवाद्यांचा पूर चढतो तिथे मला तिचा आवाज हवा असतो, एकटा, फुटणारा.

2025 मध्ये आलेल्या तिच्या नव्या ईपीत डब्लिनच्या बेघरांवरचं गाणं आहे. त्या वर्षी आयर्लंडमध्ये तात्पुरत्या निवाऱ्यात राहणाऱ्यांचा आकडा 15 हजारांच्या वर गेला होता, तेव्हा त्यातला संताप खराच आहे आणि तो तिने गायलाच हवा होता. तरी 'हजारो' हा शब्द गाण्याच्या शीर्षकातच आहे, आणि ऐकताना मी त्या हजारांतलं एक कुणीतरी शोधत राहतो. गोदीतला तो गडी पहिल्या कडव्यातच समोर येऊन उभा राहिला होता.