न उतरणारे भूत

एकनाथांच्या भारुडांविषयीचे आपले बरेचसे समीक्षालेखन एका कोष्टकाच्या आधाराने चालते. डाव्या रकान्यात वाच्यार्थ, उजव्या रकान्यात लक्ष्यार्थ : विंचू म्हणजे काम-क्रोध, सासरा म्हणजे अहंकार, भूत म्हणजे परमात्मा. कोष्टक भरून झाले की डाव्या रकान्याचे प्रयोजन संपते. ध्वनिविचाराच्या परिभाषेत सांगायचे, तर भारूड हे 'अत्यंततिरस्कृतवाच्य' काव्य होय, असे यात न बोलता गृहीत धरलेले असते. या गृहीतामुळे एकनाथांच्या (१५३३-१५९९) 'भूत' या भारुडाचा मर्मभागच हातून निसटतो, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

तुलनेसाठी प्रथम 'विंचू चावला' पाहावे. शाहीर साबळे यांच्या आवाजाने ते घरोघर पोचले आहे. दंश, चढत जाणारी वेदना आणि उतारा अशी त्याची सरळ घडण आहे. सत्त्वगुणाचा उपाय होतो आणि विष उतरते. मात्र उपायानंतरही थोडी ठसठस उरते, ती गुरू जनार्दनांमुळे शमते. ही उरलेली ठसठस कोष्टकात कोठेच बसत नाही. ती ज्याने विंचवाचा दंश खरोखर भोगला किंवा पाहिला आहे, त्याच्या अनुभवातून आलेली आहे. तरीही एकंदरीत या भारुडाला कोष्टक मानवते, कारण येथे बाधा बाहेर जाते आणि माणूस बरा होतो.

'भूत' या भारुडात नेमके हेच घडत नाही. जबरदस्त भुताने झडपल्याची हकीकत एका 'बाई'ला उद्देशून सांगितली जाते. देवऋषी येतो, लिंबू-नारळ-कोंबड्याचा उतारा होतो, पण भूत ठाण मांडून बसते. नारद, ध्रुव यांनाही याच भुताने पूर्वी पछाडले होते, असा त्याचा इतिहास निघतो. अखेरीस नाममुद्रेच्या चरणात हे भूत सर्वत्र आणि सदैव असल्याचे कळते. भूत उतरवण्याच्या लोकविधीला स्वतःचे एक व्याकरण असते. तू कोण, कुठला, काय घेऊन जाशील, असे भुताला विचारले जाते. त्याने नाव सांगितले की ते ताब्यात आले असे मानतात. एकनाथांनी हे व्याकरण जसेच्या तसे उचलले आणि त्याचा शेवट उलटवला. नाव कळते त्याच क्षणी देवऋषीचा अधिकार संपतो.

शिवाय आपल्या भाषेत भूत 'लागते' आणि देव 'अंगात येतो'. पहिल्याला हाकलायचे असते, दुसऱ्याला हळदकुंकू वाहून कौल विचारायचा असतो. गावगाड्याने कसोशीने सांभाळलेली ही सीमारेषा एकनाथ क्रियापदाच्या एका निवडीने पुसून टाकतात. हे त्यांना साधले ते 'भूत' या शब्दामुळे. शके १४९५मध्ये (इ.स. १५७३) काशी येथे भागवताच्या एकादश स्कंधावरील टीका पूर्ण करणाऱ्या या कवीला 'भूत' म्हणजे प्राणिमात्र आणि 'भूत' म्हणजे पिशाच्च, हे दोन्ही अर्थ सारखेच जवळचे होते. सर्वाभूती भगवंत पाहण्याचा सिद्धांत आणि पिंपळावरचे पिशाच्च येथे एकाच शब्दात नांदतात. दोन रकान्यांत शब्द फाडला की श्लेष मरतो. पुढे तुकारामांनीही पंढरीच्या देवाला भूत म्हटले आणि तिकडे फिरकू नका, गेलेला परत येत नाही, असा इशारा दिला. म्हणजे ही एका कवीची लहर नव्हे. (परमेश्वराचे भय इतक्या आपुलकीने व्यक्त करणारी परंपरा अन्यत्र असेलही; माझ्या वाचनात ती क्वचित आली आहे.)

वाच्यार्थाचा हा आग्रह केवळ काव्यशास्त्रीय नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. त्याच्या अनुसूचीत भूत उतरवण्याच्या बहाण्याने केल्या जाणाऱ्या कृत्यांची यादी आहे : दोराने वा साखळीने बांधून मारणे, मिरचीची धुरी देणे, छताला टांगणे, पादत्राणे भिजवलेले पाणी पाजणे. ही यादी वाचल्यावर भारुडातील डावा रकाना निव्वळ अलंकार राहत नाही. भूत ज्या शरीरातून काढायचे, ते शरीर मार खाते, आणि ते बहुधा एखाद्या बाईचे असते. भूत म्हणजे मनातील विकार किंवा दडपलेली वासना, असे सांगणारी आधुनिक मनोवादी समीक्षाही या शरीराकडे तितकीच पाठ फिरवते. तिचे कोष्टक नवे, एवढाच फरक. दुसरीकडे, एकनाथांना बुद्धिवादी ठरवण्याचा उत्साहही मला पटत नाही. भुते नसतात असे ते येथे म्हणत नाहीत. ते उतारा निष्फळ ठरवतात, पण झपाटलेपण खोटे ठरवत नाहीत.

म्हणूनच या भारुडाला 'विवक्षितान्यपरवाच्य' ध्वनीचे उदाहरण मानणे अधिक सयुक्तिक होईल. येथे वाच्यार्थ अभिप्रेत आहे आणि तो टिकून राहूनच दुसऱ्या अर्थाकडे नेतो. प्रयोगात तर हे उघडच दिसते. भारूडकार लुगडे नेसून घुमू लागतो, तेव्हा श्रोते हसतात ते ओळखीच्या घुमण्याला. परमात्म्याची वार्ता नंतर येते, आणि ती आल्यावरही घुमणे थांबलेले नसते. झपाटलेली व्यक्ती बरी झाली असे संहिता कोठेही म्हणत नाही.