हिजरत कुणाची?

गेल्या वर्षी सातवीच्या मुलींना मी दोन इंग्रजी कादंबऱ्या उर्दूतून सांगितल्या. रात्री दहा-बारा पाने वाचायची आणि दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला ती सांगायची, असा क्रम होता. पहिली लॉरा इंगल्स वाइल्डर यांची 'लिटल हाउस ऑन द प्रेअरी' (१९३५). दुसरी ख्रिस्तोफर पॉल कर्टिस यांची 'इलायजा ऑफ बक्सटन' (२००७). पहिलीत एक गोरे कुटुंब घोडागाडीत संसार भरून नव्या जमिनीच्या शोधात कॅन्ससकडे निघते. दुसरीत अमेरिकेतल्या गुलामगिरीतून निसटून कॅनडात पोहोचलेल्या काळ्या लोकांची वस्ती आहे. शेवटी मुलींना सारांश लिहायला सांगितला. एकीने दोन्ही सारांशांना एकच मथळा दिला : 'हिजरत'.

मी लाल पेन उचलले, आणि पुन्हा खाली ठेवले.

मुलीचे चुकले तरी कुठे? घर सोडणे, नदी ओलांडणे, रात्रीची भीती, पुढे काय वाढून ठेवले आहे याची अनिश्चिती, हे सारे दोन्हीकडे आहे. शिवाय शब्द तिला घरात आणि मदरशात मिळालेला. पण मला अडचण वेगळ्याच शब्दाची होती. वाइल्डरच्या माणसांसाठी मी वर्गात बिनदिक्कत 'आबादकार' म्हणत होते. उर्दूत तो रुळलेला शब्द आहे. जो आबाद करतो तो आबादकार. म्हणजे जमीन आधी गैरआबाद, ओसाड असली पाहिजे. एका शब्दात मी ती सारी जमीन रिकामी करून टाकली होती!

नेमकी हीच खोड मूळ पुस्तकातही आहे. तिथल्या भूमीचे वर्णन करताना लेखिकेने माणसांची वस्ती नाही असे म्हटले आणि इंडियनांना त्या 'माणसां'बाहेर ठेवले. एका वाचकाने तक्रार केली, तेव्हा १९५३च्या आवृत्तीत 'माणसे' काढून 'वसाहत करणारे' अशा अर्थाचा शब्द घातला गेला. वाक्य सभ्य झाले, दृष्टी तीच राहिली. प्रत्यक्षात इंगल्स कुटुंब १८६९ ते १८७१ या काळात जिथे राहिले, ती जमीन ओसेज लोकांची राखीव भूमी होती. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या बालग्रंथपालांच्या संघटनेने आपल्या पुरस्कारावरचे वाइल्डर यांचे नाव काढले, त्यामागेही हीच कारणे होती.

म्हणून पुस्तक वाचूच नये, असे मात्र मी म्हणणार नाही. ओंडक्यांचे घर कसे उभे राहते, विहीर कशी खणतात, घराभोवती लांडगे बसलेले असताना बाप कसा जागतो, हे वाइल्डर ज्या बारकाईने सांगतात त्याला तोड नाही. मुली श्वास रोखून ऐकत होत्या. आणि घाईने वाचणाऱ्याच्या हातून निसटेल अशी एक जागा त्यात आहे. सारे कुटुंब तापाने फणफणते, तेव्हा त्यांना वाचवतो तो एक काळा डॉक्टर. गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा पाच-सहा वर्षेच झाली होती. लेखिका त्याच्याविषयी कृतज्ञ आहे, पण तो कुठून आला, काय सोसून आला, हे विचारत नाही. दोन पानांत तो निघून जातो.

'इलायजा' वर्गात दुसऱ्याच दिवशी 'इलियास' झाला. अकरा वर्षांचा, बक्सटनमध्ये स्वतंत्र जन्मलेला पहिला मुलगा. बक्सटन काल्पनिक नाही. १८४९ मध्ये रेव्हरंड विल्यम किंग यांनी आजच्या ओंटारिओ प्रांतात वसवलेली ती वस्ती. प्रत्येक कुटुंबाने पन्नास एकर विकत घ्यायचे, घराला ओसरी आणि पुढे बाग हवीच, असे तिथले नियम. पिट्सबर्गच्या काळ्या नागरिकांनी दिलेली घंटा तिथे होती. गुलामगिरीतून पळणाऱ्यांच्या कथा बहुधा कॅनडाच्या सीमेवर संपतात. बार्बरा स्मकर यांच्या 'अंडरग्राउंड टू कॅनडा'तल्या (१९७७) मुली मिसिसिपीतून निघून तिथे पोहोचतात आणि कथा थांबते. कर्टिस तिथूनच सुरुवात करतात. ज्या मुलाने बेडी पाहिलेलीच नाही, त्याला ती काय असते हे कसे कळावे, हा त्यांचा खरा विषय आहे.

दोष आहेत. पहिला अर्धा भाग पसरट आहे. तान्हेपणी इलायजा फ्रेडरिक डग्लस यांच्या अंगावर ओकला, तो किस्सा मुलींना फार आवडला; पण अशा गमतींच्या मागोमाग गमती येतात आणि कथा जागची हलत नाही. निवेदनाची बोलीही मला उर्दूत आणता आली नाही. पुस्तकी उर्दूत तो मुलगा एकदम शहाणा, इस्त्री केलेल्या कपड्यातला वाटू लागला. शेवटी मी आमच्या गल्लीतल्या दखनीत सांगू लागले, तेव्हा तो जिवंत झाला.

मग शेवट येतो. चोरीला गेलेल्या पैशांच्या मागावर इलायजा नदीपलीकडे मिशिगनमध्ये जातो. तिथे एका तबेल्यात त्याला पळताना पकडलेली माणसे साखळदंडात बांधलेली सापडतात. मिशिगन हे गुलामगिरी नसलेले राज्य. पण १८५०च्या कायद्याने तिथेही पळालेल्याला पकडून मालकाकडे धाडता येत होते. इलायजा त्यांना सोडवू शकत नाही. कुमारकादंबरीचा नायक हरतो, आणि लेखक ते लपवत नाही. त्या बांधलेल्यांतली एक आई आपली तान्ही मुलगी त्याच्या हाती देते. तेवढीच एक तो सोडवून आणतो.

इथे मला पहिले पुस्तक पुन्हा उघडावे लागले. त्याच्या शेवटाकडे ओसेज लोकांची लांबच लांब रांग आपली भूमी सोडून घरासमोरून जाते. त्यात आईजवळचे एक तान्हे बाळ लॉराला दिसते आणि ते मला हवे म्हणून ती रडू लागते. लेखिकेने तो लहान मुलीचा हट्ट म्हणून रंगवला आहे, आणि त्यात एक अस्फुट दुःखही आहे हे नाकारता येत नाही. पण एका पुस्तकात बाळ मागितले जाते, दुसऱ्यात सोपवले जाते. वीणा गवाणकरांच्या 'एक होता कार्व्हर'मुळे तिसरे बाळही आपल्या ओळखीचे आहे : आईसह पळवले गेलेले, घोड्याच्या बदल्यात एकटेच परत आलेले.

ही दोन्ही पाने मी मुलींना लागोपाठ पुन्हा सांगितली. अर्थ सांगितला नाही. थोड्या वेळाने मथळा देणारीच मुलगी उठली. "टीचर, वो रांग में जा रहे थे, उनकी भी हिजरत हुई ना? फिर किताब में उनका नाम क्यों नहीं?" दुसरी म्हणाली, "और बच्ची की अम्मी? वो फरार थी क्या?"

हा 'फरार' शब्दही माझाच होता. मराठी वर्तमानपत्रात तो आरोपीला लागतो, आणि १८५०चा कायदा त्या आईला आरोपीच समजत होता. मी फळ्यावर तो पुसला. त्या जागी काय लिहावे हे सुचेपर्यंत घंटा झाली.